खालच्या माइकचं बटण

कानोबाच्या स्टुडिओत ड्रम वाजवायला येणाऱ्याला चहाच्या आधी अपमान मिळायचा. बिचारा जड पेट्या उचलून, धापा टाकत दारातून आत येतोय न येतोय, तोच काचेपलीकडून हा ओरडायचा, "काय आणलंत? ड्रम आहेत की रॉकेलचे डबे?" माणूस कसनुसं हसायचा. हसला की मेलाच. "दात काय काढताय? मांडा ते आधी. आवाजावरून कळेलच काय आहे ते."

कानोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उठसूट तो समोरच्याला विचारायचा, "कान आहेत का नुसती भोकं?" त्यावरून वाजवणाऱ्यांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव. तोंडावर सगळे काका म्हणायचे, आणि तेही दोन हात लांब उभे राहून.

तरुणपणी तो स्वतः ड्रमच वाजवायचा. बरा वाजवायचा. बरा म्हणजे हॉटेलातल्या बँडला चालेल इतपत. एकदा एका मोठ्या बँडनं बोलावून त्याचं वाजवणं ऐकलं आणि "कळवतो" म्हणून निरोप दिला. ते कळवणं आजतागायत राहिलंय. मग त्यानं ड्रम विकले, टायरच्या दुकानामागच्या गल्लीत जोडून असलेल्या दोन खोल्या घेतल्या, मधली भिंत फोडून जाड दुहेरी काच बसवली, आणि ज्यांना मोठे बँड घेऊन जाऊ शकतील अशांना छळायला मोकळा झाला. हे मी रागानं म्हणतोय असं वाटेल. रागानंच म्हणतोय.

पण खोटं कशाला बोला, काम त्याला येत होतं. ड्रमच्या डोक्यावर टांगायचे दोन माइक स्नेअरपासून सारख्याच अंतरावर हवेत, म्हणून तो सुतळीनं मोजायचा. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरून दुसरं आधी या माइकला लावायचं, मग त्या माइकला. केसभर फरक निघाला तरी स्टँड पुन्हा खाली. स्नेअर म्हणजे वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांमधला तो पसरट ड्रम, ज्याच्या पोटाखाली बारीक तारा ताणलेल्या असतात आणि काठी पडली की त्या चर्र करतात. गाण्याचा सगळा कणा तोच. त्याला कानोबा दोन माइक लावायचा. एक वर, कडेपासून दोन बोटं उंच, तोंड कातड्याच्या मध्याकडे आणि पाठ शेजारच्या झांजांकडे. दुसरा खाली, तारांकडे वर बघत असलेला.

आता या खालच्या माइकची एक खोड आहे, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून आहे. काठी पडते तेव्हा वरचं कातडं वरच्या माइकपासून दूर जातं, आणि त्याच क्षणी खालचं कातडं खालच्या माइकच्या अंगावर येतं. म्हणजे दोन माइक एकच ठोका नेमका उलटासुलटा ऐकतात. ते दोन आवाज तसेच एकत्र केले की एकमेकांना खाऊन टाकतात. ठोक्याचं पोट गायब होतं, दणका जातो, उरतो नुसता फटफट असा आवाज, पुठ्ठ्यावर पट्टी आपटल्यासारखा. म्हणून काचेमागच्या, सगळे आवाज एकत्र करायच्या टेबलावर खालच्या माइकसाठी एक बटण असतं. ते दाबलं की त्याचा आवाज उलटा होतो, दोघांची दिलजमाई होते आणि स्नेअर छातीवर येऊन आदळतो. बटण दाबलेलं असेल तर वर छोटा लाल दिवा लागतो. नव्या माणसाकडून ते राहतं. जुन्याकडून राहत नाही.

त्याच्या छळाचा एकच नमुना सांगतो. बँकेत नोकरी करणारा एक सरळमार्गी गृहस्थ होता, सुटीच्या दिवशी ड्रम वाजवायचा, मित्रांबरोबर हौसेनं गाणं करायला आला होता. कानोबानं त्याला सकाळभर एकट्या स्नेअरवर एकेक ठोका मारायला लावला. "पुन्हा. पुन्हा. अहो, हात आहे की ओलं फडकं? पुन्हा." मित्र काचेमागे बसून आधी हसले, मग गप्प झाले, मग घड्याळाकडे बघायला लागले. गृहस्थ घरी गेला आणि त्यानं ड्रम शेजारच्यांना फुकट देऊन टाकले. ही गोष्ट कानोबा जेवताना रंगवून सांगायचा आणि स्वतःच हसायचा. बायको ताटातून मान वर करायची नाही.

मग एक दिवस त्याच बायकोनं त्याला फटकारलं. स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारून मारून अर्धी आटली होती आणि हा शेजारीच खुर्चीत पेपर वाचत बसला होता. "अहो, बहिरे झालात की काय?" ती म्हणाली. तो तिच्यावर असा खेकसला की तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.  पण किटली त्याला खरंच ऐकू आली नव्हती. आयुष्यभर झांजांपुढे बसून बसून त्याच्या कानांतून वरचे बारीक आवाज निघून गेले होते. माणसांचं बोलणं कळायचं, मोठ्या ड्रमचा, बास गिटारचा घुमारा तर अगदी पायाच्या नखापर्यंत कळायचा. पण तारांची चिरचिर, झांजेचा फुसकारा, स्क्रू जास्त पिळला गेला की कातडं जी बारीक शिट्टी धरतं ती, यातलं काही म्हणजे काही नाही.

डॉक्टरकडे तो गेला नाही. गल्लीभर बोभाटा झाला असता. त्यानं जाहीर केलं, कंबर गेली. आता खाली वाकून स्नेअर लावणं जमत नाही.

तेव्हापासून स्नेअर लेक लावू लागली. एकुलती एक, याच खोल्यांमध्ये तारांच्या भेंडोळ्यांवर रांगत मोठी झालेली. ती जमिनीवर मांडी घालून बसायची, तळहातानं खालचं कातडं दाबून धरायची, वर प्रत्येक स्क्रूपाशी काठीनं टिचकी मारायची आणि चावी इतकी हळू फिरवायची की फिरली की नाही तेही कळू नये. मग समोरासमोरचे स्क्रू, मग पुन्हा पहिला. शेवटी तारा ताणायच्या, इतक्याच की कुजबुजतील पण कुरकुरणार नाहीत. दूरदूरचे ड्रमर केवळ तिच्या हाताखालून ड्रम जावा म्हणून यायला लागले. "काकांची कंबर काय म्हणते?" असं जाता जाता विचारायचे. "काही नाही, चाललंय," ती म्हणायची. वडिलांकडे बघायची नाही.

आणि ती वाजवायचीही. कानोबानं तिला शिकवलं नव्हतं, उलट "तुला कशाला हवं हे?" म्हणून हिणवलं होतं. तरी सगळे गेले की ती बसायची. तिच्या हाताला वजन होतं, आणि घाई अजिबात नव्हती. एकदा नावाजलेल्या बँडचा पुढारी, ज्याला सगळे दाढीवाला म्हणत, काहीतरी विसरलं म्हणून परत आला आणि दारातच उभा राहिला. त्यानं कानोबाला काही सांगितलं नाही. महिन्यानंतर त्याचा ड्रमर सोडून गेला तेव्हा त्यानं थेट तिला फोन केला.

मोठा दौरा होता. वर्षभर गावोगाव. "आणखी एक जण यादीत आहे," दाढीवाला म्हणाला, "पण मला तू हवी आहेस. फक्त बाकीच्यांना ऐकवायला एक गाणं नीट रेकॉर्ड करून दे. मी येऊन समोर बसतो. काकांच्याच स्टुडिओत करू, याहून चांगलं कुठे होणार?"

घरात हे निघालं तेव्हा बायको पहिल्यांदाच नवऱ्याकडे रोखून बघत बोलली. "जाऊ दे तिला."

"मग मी कुठे दावणीला बांधलंय?" कानोबा म्हणाला. "जा की. खुशाल जा."

लेकीनं त्या आनंदात त्याचा हात धरला. त्याला मात्र घाम फुटला होता. ती गेली की स्नेअर कोण लावणार? दुसरा माणूस ठेवला तर आठवड्यात त्याला कळेल, आणि मग ज्यांना ज्यांना आपण भोकं म्हणालो ते सगळे गल्लीत येऊन हसतील. त्या भीतीनं त्याला जेवण जाईना.

ठरलेल्या दिवशी सकाळीच लेकीनं सगळं मांडलं. स्वतःचा स्नेअर लावला, सुतळीनं माइक मोजले, टेबलावर येऊन खालच्या माइकचं बटण दाबलं, लाल दिवा लागलेला बघितला आणि वडिलांना म्हणाली, "सगळं तयार आहे, तुम्ही फक्त आवाज वर-खाली करा." मग ड्रमच्या खोलीत जाऊन तिनं जाड दार ओढून घेतलं. दाढीवाला कोट काढून खुंटीला अडकवत होता, त्याची पाठ होती. कानोबानं बोट पुढे केलं आणि बटण वर काढलं. दिवा विझला.

इतकंच. एवढ्याशा गोष्टीला किती वेळ लागतो?

तिच्या हेडफोनमध्ये त्यानं बँडच्या तयार गाण्याबरोबर स्नेअरचा फक्त वरचा माइक सोडला होता, म्हणजे तिला आत काहीच वावगं वाटू नये. गाणं सुरू झालं. ती वाजवत होती जीव ओतून, आणि इकडे काचेमागे स्पीकरमधून फटफट, फटफट. दाढीवाल्याच्या कपाळावर आठी पडली. "त्या दिवशी वेगळं वाटलं होतं," तो पुटपुटला.

"रिकाम्या खोलीत सगळेच चांगले वाटतात," कानोबा म्हणाला. मग आतल्या खोलीशी बोलायचा माइक चालू करून लेकीला म्हणाला, "जोर कुठे गेला तुझा? पाहुणे आलेत म्हणून लाजतेस काय? पुन्हा."

ती पुन्हा वाजवायला लागली, आणखी जोरात. आवाज आणखी चपटा झाला. खरा दणका मात्र जमिनीतून, खुर्चीच्या पायांतून कानोबाला कळत होता. ते आवाज तर त्याचे शाबूत होते. त्याला नेमकं कळत होतं की पोरगी आज जशी वाजवतेय तसं आपण उभ्या जन्मात वाजवलं नाही. त्याला अभिमान वाटला, हे सांगितलं पाहिजे. डोळेसुद्धा भरून आले. एकदा बोट बटणापर्यंत गेलंही. मग दाढीवाला पुढे झुकला आणि बोट मागे आलं.

"पुन्हा," तो म्हणाला. "आणि या वेळी जाग्या हातांनी."

तिसऱ्या खेपेला तिच्या बोटाची कातडी सोलवटून काठीला रक्त लागलं. दाढीवाल्यानं हात वर केला. "पुरे. ये बाहेर, तूच ऐक."

ती घामाघूम होऊन आली, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. गाणं लागलं. पहिल्या ठोक्याला तिची मान वळली, दुसऱ्याला नजर टेबलावर गेली, जिथे सकाळी दिवा होता आणि आता नव्हता. मग तिनं वडिलांकडे पाहिलं. कानोबा टेबलावरच्या, आवाज मोजणाऱ्या काट्यांकडे टक लावून बसला होता, जसं काही त्यांत भविष्य लिहिलंय. दोन्ही माइक वेगवेगळे रेकॉर्ड झाले होते, तिनं फक्त हात लांबवून बटण दाबायचं होतं. पण मग दाढीवाल्यानं विचारलं असतं, हे काय होतं? आणि या धंद्यात बटण विसरणाऱ्या रेकॉर्डिस्टकडे पुन्हा कोणी पाऊल ठेवत नाही.

"काय वाटतं?" दाढीवाल्यानं विचारलं.

"माझाच हात हलका पडला आज," लेक म्हणाली.

"वाईट वाटतं गं. पण खरं बोललीस." त्यानं तिथेच फोन काढला, त्या दुसऱ्याला लावला, "तुमचं पक्कं, सोमवारी या," म्हणाला, खुंटीवरचा कोट घेतला आणि कानोबाला म्हणाला, "काका, तुम्ही स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाहीत. मानलं तुम्हाला." 

तो गेल्यावर लेकीनं बोटाला चिकटपट्टी गुंडाळत अगदी सावकाश विचारलं, "बाबा, खालच्या माइकचं बटण सकाळी मी दाबलं होतं. बाहीबिही लागली का तुमची?"

ती त्याला वाट काढून देत होती. कानोबाला ती दिसली, आणि तो त्या वाटेनं धावतच सुटला. "लागली असेल गं. मला कळलंच नाही." मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द उच्चारले. "कान गेलेत माझे. कंबर नाही, कान. किती दिवस लपवणार? मला ऐकूच आलं नाही बघ."

आणि तो रडला. रडणं खोटं नव्हतं, हीच त्यातली सर्वांत घाण गोष्ट. खऱ्या दुःखाचा त्यानं खोटं झाकायला वापर केला.

लेक त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. "मला माहीत आहे बाबा. कधीचं. म्हणून तर मी लावते ना." तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे. मी आहे."

कानोबाला हायसं वाटलं. सुटलो, असं त्याच्या मनात आलं. पोरगी राहणार, आणि वर आपल्याला जपणार. त्यानं डोळे पुसले. पाठीवरचा हात मात्र थांबला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला वरचं ऐकू येत नाही. चिरचिर, शिट्टी."

"हो ना गं."

"पण ते बटण निघालं की वरचं जात नाही. पोट जातं. दणका जातो. आणि तो तुम्हाला माझ्याहून चांगला कळतो." ती उठून उभी राहिली. "काल शेजारच्यांचा ट्रक अजून गल्लीच्या टोकाला होता, तेव्हाच इंजिनाचा घुमारा ऐकून तुम्ही म्हणालात, आला म्हणून."

  तिनं बटण दाबलं आणि तिसऱ्या खेपेचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. खोलीभर स्नेअर आदळायला लागला. त्यानं मान खाली घातली तरी तो छातीत लागतच होता. तिनं पूर्ण गाणं त्याला ऐकवलं, मध्ये थांबवलं नाही.

"हे ऐकलं असतं तर त्यांनी मला घेतलं असतं का?" तिनं विचारलं.

"घेतलं असतं," कानोबा म्हणाला.

त्याला वाटलं होतं, आता ती घर सोडून जाईल. ती गेली नाही. घरी नेहमीसारखी जेवली, आईला भांडी आवरू लागली. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतही वेळेवर आली. कानोबाच्या जिवात जीव आला.

त्या दिवशी चार जणांचा बँड होता, त्यांच्यासाठी हा स्टुडिओ म्हणजे स्वप्नच. ड्रमरनं स्नेअर काढून तिच्यापुढे धरला, "ताई, लावता ना?"

"आज बाबा लावतील," ती म्हणाली आणि ड्रमच्याच खोलीत, भिंतीलगतच्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली.

ड्रमर खूश झाला. "काका स्वतः? अहो, पण कंबर?"

"बरी आहे आता," लेक म्हणाली. "वाकतात छान."

कानोबा वाकला. दुसरं काय करणार? त्यानं स्क्रू पिळले, टिचक्या मारल्या, जुन्या सवयीनं मान तिरकी केली. हात आठवणीवर चालत होते. मग बासवाल्यानं एक लांब सूर छेडला, आणि ड्रमरनं नाक मुरडलं. "काका, बास वाजला की तारा चिरचिरतायत."

"माहीत आहे मला," कानोबा म्हणाला. त्यानं ड्रमखाली डोकं घालून तारांचा स्क्रू फिरवला. "आता?"

बासवाल्यानं पुन्हा सूर धरला. ड्रमर कानोबाकडे बघत राहिला. "तुम्हीच सांगा ना काका."

"गेली," कानोबा म्हणाला. "साफ गेली."

ड्रमरनं बासवाल्याकडे पाहिलं, बासवाल्यानं गिटारवाल्याकडे. कुणीतरी खोकलं. कानोबानं लेकीकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं, हो किंवा नाही. ती त्याच्याकडेच बघत होती, अगदी निवांत.

"ताई," ड्रमरनं चाचरत विचारलं, "तुम्हाला येतेय का चिरचिर?"

"मला येतेय. तुम्हालाही येतेय," ती म्हणाली, आणि आवाज जराही चढवला नाही. "त्यांना येत नाही. बरीच वर्षं झाली. त्यांना विचारण्यात काही अर्थ नाही."

खोलीत कुणाला कुठे बघावं ते कळेना. बासवाल्यानं तळहात ठेवून आपला सूर बंद केला, तशी तारांची चिरचिरही थांबली. ती थांबली हे कानोबाला कळलं नाही. तो उकिडवा बसून अजून स्क्रू फिरवतच होता.